एकत्र भाकरी खाणारे

“आजोबा, कंपनी या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र भाकरी खाणारी माणसं,” आज जेवताना नातीने मोबाइलवर वाचून दाखवलं. ताटातल्या लसणाच्या चटणीचा वास एकदम नाकात गेला.

तरुणपणी गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात आमचा संप होता. कंपनी म्हणजे मालक, एवढंच मला तेव्हा ठाऊक. दहा वर्षं माझ्या डब्यातली चटणी खाणारा रामदीन संप मोडून आत निघाला. मी रॉड उगारून आडवा आलो.

“हटो भाऊ. एक बजे गेट पर आता हूँ, खाना साथ ही खाएँगे.”

मी त्याच्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला. हातातला डबा पडून उघडला. त्यात रोजच्यासारख्या माझ्या वाट्याच्या दोन रोट्या होत्या. त्या मला दिसल्या, आणि तरी मी दुसरा फटका मारला.