चारित्र्याचा रकाना

माझ्या नाकावर राग असतो हे माझ्या क्लासमधली पोरंसुद्धा सांगतील. लातूरला मी केमिस्ट्री शिकवते. एका हॉलमध्ये दोनशे पोरं, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, आणि मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं की माझ्या हातातला खडू सुटलाच म्हणून समजा. या रागाने आयुष्यात माझी बरीच कामं केली. एक काम मात्र असं केलं की त्याची मला आजही लाज वाटते. ते आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

माझे बाबा फौजेत होते. मी शाळेत जायच्या आधीच ते कायमचे घरी आले. त्यांचं गाव निलंग्याच्या बाजूला. भूकंपात ते अख्खं आडवं झालं. आई आणि मी तेव्हा नायगावला आजोळी होतो म्हणून वाचलो. पुढे आम्ही नांदेडला राहिलो आणि बाबा तिथल्या एका कोचिंग क्लासच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. फौज का सोडली हे घरात कुणी बोलायचं नाही. विचारलं की आई म्हणायची, "तुला काय करायचंय? अभ्यास कर."

गेटवरसुद्धा त्यांची फौज सुटली नव्हती. शर्टाला कडक इस्त्री, बूट चकचकीत. पोरांनी कशाही फेकलेल्या सायकली ते एका रांगेत लावायचे, सगळी हँडलं एकाच बाजूला. पोरं त्यांना 'फौजी काका' म्हणायची. मला तर इतका अभिमान होता की बारावीनंतर प्रवेशाच्या फॉर्मवर 'माजी सैनिकाचे पाल्य आहात काय' या रकान्यात मी बेधडक 'हो' लिहिलं. बाबा म्हणाले, "ते राहू दे की, माय." मी कसली ऐकतेय!

खिडकीतल्या माणसाने डिस्चार्ज बुक मागितलं. बाबांनी ते ट्रंकेतून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. त्याने पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "डिसमिस. कॅरेक्टर, बॅड. अहो, याला माजी सैनिक म्हणत नसतात! कशाला लाईन अडवता?" मागे शंभरेक माणसं उभी होती. त्यांतल्या कितीतरी पोरांच्या सायकली बाबा रोज सरळ लावायचे. बाबा म्हणाले, "हाव साहेब." बुक परत पिशवीत घातलं, पिशवीची गाठ मारली. घरापर्यंत ते सायकल हातात धरून चालत आले, बसले नाहीत.

घरी आल्यावर मी त्यांच्यावरच उखडले. "काय केलं होतं तुम्ही असं?"

"रजा संपली तरी गेलो न्हाई."

"मग कुठं होतात?"

"गावात. दुसरं कुठं असणार?"

"मग तसं सांगायचं ना तिथं!"

"सांगितलं. त्यांना पटलं न्हाई." एवढं बोलून ते आंघोळीला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हा 'बॅड' मी खोडून दाखवीन. मी सतरा-अठरा वर्षांची होते, मला वाटलं खोडरबर घेतलं की झालं.

मी नोकरीला लागेपर्यंत काही करता आलं नाही. मग एका सुट्टीत बाबांना ओढतच नांदेडच्या कोर्टाबाहेर घेऊन गेले. तिथे लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या बापाने निजामाच्या कचेरीत अर्ज लिहिले होते असं ते अभिमानाने सांगायचे. त्यांनी बाबांचं बुक वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बेटा, आधी मिसल मागव. फौजेने काय काय लिहून ठेवलंय ते बघितल्याबिगर मी कलम उचलत नसतो." मग माहितीच्या अधिकारात अर्ज, त्याला स्मरणपत्र, मग अपील. दोन पावसाळे गेले आणि जाडजूड लिफाफा आला.

चाचांनी ती मिसल एका बैठकीत वाचली. सगळं इंग्रजीत होतं, एक पान तेवढं मराठीत. त्याच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "घरचाच मामला दिसतो," एवढंच म्हणाले.

पोलीस पाटलाचा अहवाल होता तो. 'सदर जवान रजेवर गावी आलेला नाही. गावात दिसून आला नाही.' खाली गोल शिक्का आणि सही. सही वळणदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. दर दिवाळीला मला येणाऱ्या पत्राखाली हीच सही असायची. गावचे पोलीस पाटील म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णा. आई-बापापेक्षा त्यांनीच बाबांना वाढवलेलं.

म्हणजे तिकडे चौकशीत बाबा शपथेवर सांगत होते की मी गावात होतो, आणि त्यांच्या समोर गावचाच कागद होता की हा आलाच नाही. नुसता गैरहजर असता तर कदाचित शिक्षेवर सुटला असता. हा खोटारडाही ठरला. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की मी तिथून थेट क्लासच्या गेटवर गेले. बाबा सायकली लावत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "हाव. तिथं दाखवला होता मला. अण्णाची सही मी वळखणार न्हाई व्हय?"

"आणि तुम्ही गप्प बसलात? इतकी वर्षं?"

"पोरं बघून राहिलीत. हळू बोल."

चाचांना रोजच्या रोजचा जबाब हवा होता, कोणत्या दिवशी बाबा कुठे होते आणि काय करत होते. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात बसून मी तो लिहून घेतला. आई भाकऱ्या थापत होती. तिनेही ते सगळं पहिल्यांदाच ऐकलं.

दहा दिवसांची रजा घेऊन बाबा भूकंपानंतर चौथ्या दिवशी गावात पोचले होते. माझी आजी आणि अण्णांची बायको तोवर इतरांबरोबर एकाच चितेवर गेल्या होत्या. अण्णांची पोरगी मात्र सापडली नव्हती. अकरा वर्षांची, त्यांची एकुलती एक. घर दगडमातीचं, भिंती दोन-दोन हात जाड. गल्लीत दुसरं कुणी सापडायचं उरलं नाही म्हणून यंत्रं पुढच्या गावाला निघून गेली होती. अण्णा त्या ढिगाऱ्यावर बसून होते, कुणी उठवलं तरी उठेनात. बाबांनी पहार घेतली. वाढीव रजेचा अर्ज लिहून त्यांनी मदतीचं सामान आणणाऱ्या एका ट्रकवाल्याकडे टपालात टाकायला दिला. तो अर्ज कुठे गेला देव जाणे.

"आधी काय घावलं?" मी विचारलं.

"पत्र्याची पेटी. अण्णाचा शिक्का होता तीत, पाटीलकीचा. मीच काढून दिला वर. त्यानं तो असा छातीशी धरला, पोरच घावल्यावानी."

रजा संपली. पुढे काही दिवसांनी तालुक्याहून फौजेचा चौकशीचा कागद घेऊन पोलीस आला. बाबा तेव्हा खाली दगडांत होते, पण वरचं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. "आलाय का तुमचा भाऊ?" "न्हाई. न्हाई आला." मग शिक्का उमटला, त्यांनीच काढून दिलेला.

"मग तुम्ही वर का नाही आलात?" माझा आवाज चढला. "हाय मी म्हणायचं की!"

"पोर खाली होती त्याची," बाबा म्हणाले. "मी गेलो असतो तर कोण उकरणार होतं? अण्णाच्या हातात तर पहार राहत नव्हती. त्यानं माझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी सांगितलं. मला कळलं ते. मी खालीच बसलो."

पोलीस गेल्यावर नवव्या दिवशी ती सापडली. मी विचारलं, कुठे? चाचांनी सगळं लिहायला सांगितलं होतं. आईचा हात परातीत थांबला.

"अंथरुणात न्हाई. आतल्या खोलीत, उतरंडीपाशी. तुळई तिरकी पडली होती, तिच्याखाली एका माणसाची जागा होती. पाण्याची कळशी तिच्याजवळ. सरळ ठिवलेली. मोकळी." मग ते पटकन म्हणाले, "अण्णाला मी सांगितलं, अंथरुणातच होती, झोपेतच गेली. त्याला मी जवळ येऊ दिलं न्हाई. हे लिहू नको, माय. लिहू नको हे."

मी लिहिलं नाही. शपथेवर सांगते, त्या जबाबात कळशीचा शब्द नाही.

आता अण्णांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. त्यांनी स्वतः लिहून दिलं की अहवाल खोटा होता, तरच प्रकरण उभं राहणार होतं. बाबा म्हणाले, "त्याला नको छेडू. हाय ते बरंय." मी त्यांना न सांगता लातूरहून बस धरली.

नव्या गावात सगळी घरं सिमेंटची आणि सारखी. अण्णांचं घर नंबरावरून शोधावं लागतं. ते एकटेच राहायचे. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की स्वतः चहा ठेवला, माझ्या पगाराची चौकशी केली, लग्नाचा विषय काढला. मग मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खोटा अहवाल दिला म्हणून लिहू? ह्या वयात माझ्या दारात पोलीस आणतीस व्हय, पोरी?"

मी समजावलं. चाचा म्हणाले होते की एवढ्या वर्षांनी कुणी काही करणार नाही, तेही सांगितलं. ते मान हलवत राहिले. भ्यालेलं माणूस जसं काहीतरी बोलतं तसं मग ते बोलले. "आन तुझ्या बापाला तरी कुठं फौज करायची होती? लई कंटाळला होता. सुटला म्हण."

सुटला! मला ती खिडकी आठवली, ती रांग, बाबांनी पिशवीला मारलेली गाठ. आणि माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. शेवटचं तेवढं आठवतं. "तुमची पोर झोपेत नव्हती गेली अण्णा! उतरंडीपाशी सापडली ती. जवळची कळशी मोकळी होती. तुम्हाला कळू नये म्हणून इतकी वर्षं माझा बाप ते एकटा घेऊन बसलाय, आणि तुम्ही म्हणता सुटला!"

बोलले आणि मला माझीच भीती वाटली. बशीतल्या चहावर साय धरेपर्यंत अण्णा बशीकडे बघत होते. मग म्हणाले, "पेन दे." सही केली. मी कागद उचलला आणि निघाले. त्यांच्या पाया पडायचंही मला सुचलं नाही.

औशापर्यंत मला वाटत होतं की मी जिंकले. त्यानंतर बसमध्ये मी तोंडावर ओढणी घेऊन रडले.

बाबांना सांगितलं की अण्णांनी आपण होऊन सही दिली. "बरा हाय का तो?" त्यांनी विचारलं. "हाव," मी म्हणाले. चाचांनी अर्ज लिहिला, वकील दिला, तारखा पडत राहिल्या. एके दिवशी खरंच रजिस्टर पोस्टाने नवीन बुक आलं. 'डिसमिस' जाऊन 'डिस्चार्ज' झालं होतं. चारित्र्याच्या रकान्यात होतं, 'व्हेरी गुड'. बाबांनी आधी हात धुतले, पंच्याला पुसले आणि मग ते हातात घेतलं. त्या दोन शब्दांवर बोट ठेवून ते कितीतरी वेळ उभे होते. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाले, "चल, अण्णाला दाखवून येऊ."

मी क्लासचं निमित्त काढलं, उन्हाचं काढलं. ते ऐकेनात. दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो.

अण्णा खाटेवर पडून होते. फार वाळले होते, शेजारची बाई म्हणाली की जेवतच नाहीत धड. बाबा उशाशी बसले आणि उघडलेलं बुक त्यांच्या हातात दिलं. अण्णांनी ते डोळ्यांजवळ नेलं, शब्दांवरून अंगठा फिरवला. "झालं एकदाचं," म्हणाले. "माझ्यानं झालेलं निस्तरलं." बुक परत दिलं. बाबांनी ते मांडीवर ठेवलं आणि हसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात अण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

"कळशीत पाणी किती मावत होतं रे? आपल्या त्या तांब्याच्या कळशीत? किती दिस पुरलं असंल तिला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी खाली बघितलं. मग त्यांनी अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कुणी सांगितलं तुला? माझ्या पोरीच्या ऐकण्यात चूक झाली," ते म्हणाले. आवाज अगदी सरळ होता, शपथेवर बोलावं तसा. "भरलेली होती, अण्णा. काठोकाठ. तिनं हातबी लावला नव्हता."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग "हां" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. बाबांनी त्यांचा हात सोडला नव्हता. बुक त्यांच्या मांडीवर उघडंच होतं. मी ते मिटलं आणि पिशवीत ठेवलं.