शंभर टक्क्यांची शाळा

टक्के हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नातवंडाच्या निकालाला लोक मला पेढे देतात आणि टक्के सांगतात, तेव्हा मी पेढा तोंडात टाकते नि विषय बदलते. म्हातारी तुसडी आहे म्हणतात. म्हणू देत.

माझी आई उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. एक खोली, चार इयत्ता आणि बाई एकटी. आम्ही घाटावरचे. वडील बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करायचे, घरी मला सांभाळायला कुणी नाही, म्हणून मीही त्याच शाळेत. शाळेत तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, असा दंडक. चुकून आई म्हटलं की सगळ्यांत जास्त बोलणी मलाच.

शाळा उघडल्या की आसपासच्या शिक्षकांची बैठक भरायची. तालुक्याचे साहेब यायचे आणि एकेकाला उभं करून वर्षाचं उद्दिष्ट विचारायचे. चौथीच्या स्कॉलरशिपला जी मुलं बसतील, त्यांतली किती टक्के पास करणार, बोला! गेल्या वर्षी ज्याचे टक्के सगळ्यांत कमी, त्याने बैठकीत चहाचे कप फिरवायचे, अशी एक गमतीची रीत त्या मंडळींनी पाडून ठेवली होती. गंमत कसली डोंबलाची! आईने आदल्या वर्षी हौसेने अख्खी चौथी परीक्षेला बसवली होती आणि अख्खी चौथी आडवी झाली होती. मी दाराशी बसले होते. आई ट्रे घेऊन साहेबांसमोर वाकली तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमचा चहा तरी पास झाला बरं का!" सगळे खो खो हसले. आईसुद्धा हसली. तिचं ते हसणं बघून मला इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवून बाहेरच्या सायकली बघत बसले.

बैठक सुटल्यावर चिंचणीकडचे एक जुने गुरुजी तिच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता. "बाई, तुम्ही फार साध्या," ते म्हणाले. "टक्के बसलेल्यांवर काढतात ना? मग इतकी पोरं बसवताच कशाला? घरचं एक हुकमी बसवा. एकात एक पास, शंभर टक्के! आम्ही सगळे तेच करतो."

घरचं हुकमी म्हणजे मी.

आईने त्या वर्षीही शाळा सुटल्यावर सगळ्या चौथीला जादा शिकवलं. त्यात तिने कसूर केली नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण परीक्षेला नाव पाठवलं ते माझं एकटीचं. पोरांना सांगायचं मात्र उद्यावर टाकत राहिली.

माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. बुद्धिमत्तेची गणितं ती माझ्याआधी सोडवायची आणि मग माझ्याकडे बघून भुवया उडवायची. मेलीचा मला राग यायचा. पण पुस्तकातली मराठी तिला परकी. शब्दार्थ आले की गडी गप्प. तिच्या घरची मंडळी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. त्या वर्षी तिचा बाप आईकडे येऊन म्हणाला होता, "बाई, ह्या टायमाला हिला आजीजवळ ठेवतो. तुमचे परीक्षेत पास झाली त पाचवीला उमरोळीला धाडीन. नाय त येल भट्टीवर, धाकट्याला सांभालायला." आई त्याला म्हणाली होती, "बघू या." ते दोन शब्द पुढे तिला फार जड गेले.

परीक्षा पालघरला होती. सकाळी उमरोळी स्टेशनवर आम्ही मायलेकी उभ्या होतो, तोच फलाटावरून ती येताना दिसली. केसांना चपचपीत तेल, धुतलेला फ्रॉक, हातात नवी पेन्सिल. मागे बाप. पोरीची परीक्षा म्हणून भट्टीवरून खास आला होता बिचारा.

आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "अगं, तुझं नाव नाही परीक्षेला."

"नाव नाय म्हंजे?" बापाने विचारलं. "रोज त येत होती ना शिकायला?"

"एकाच मुलीचं नाव पाठवलंय," आई म्हणाली आणि गाडीच्या दिशेने बघायला लागली. आजूबाजूची माणसं ऐकत होती. बापाने वाद घातला नाही. घातला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. गाडी आली. मी चढले तशी ती खिडकीशी आली आणि पेन्सिल माझ्या हातात कोंबली. "घे. मी चांगला टोक काढलाय."

मी घेतली. सगळा पेपर त्या पेन्सिलीनेच लिहिला. आणि झाले की पास!

निकालानंतर त्याच साहेबांनी आईला शाल नि नारळ दिला. शंभर टक्क्यांची शाळा म्हणून पाड्यावरची सगळी पोरं कार्यक्रमाला नेली होती, तीही होती. टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले कार्टीने. आई घरी आली आणि शाल घडीसुद्धा न मोडता ट्रंकेत टाकली. मी तिच्यावर चिडले होते, साहेबांवर चिडले होते, आणि लोक कौतुक करायला लागले की मला कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

दिवाळी झाली आणि भट्टीचा ट्रक पाड्यावर आला. आई मला घेऊन तिथे गेली. कशाला गेली कोण जाणे, बोलायला तर काहीच नव्हतं. मडकी, गोधड्या, कोंबड्या सगळं ट्रकमध्ये चढत होतं. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन आमच्याकडे आली.

"बाई, मी बसली असती त पास झाली असती का?"

मला वाटलं, आई आता पुन्हा बघू या म्हणेल.

"झाली असतीस," ती म्हणाली.

"खरा?"

"खरं गं बाई. नक्की झाली असतीस."

तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. भावाला तसाच कडेवर घेऊन ती ट्रककडे धावत सुटली. "बा, बाई बोलली, मी पास झाली असती! नक्की झाली असती!"

बाप बोचकं वर देत होता. थांबला. पोरीच्या डोक्यावरून त्याने आमच्याकडे पाहिलं.

"आयकला," एवढंच म्हणाला, आणि तिला भावासकट उचलून ट्रकमध्ये बसवलं.