पांढऱ्या खडूची ओळ

बळीरामला कवितेचा नाद मीच लावला, हे आधीच कबूल करतो. आमच्या कॉलेजात तो शिपाई होता आणि मी इंग्रजीचा मास्तर. बारावीच्या पुस्तकात अमेरिकेतल्या एका कवीची दीडशे वर्षांपूर्वीची कविता होती. ती मी एकोणीस वर्षं शिकवली. पोरं गाईडमधला सारांश घोकायची. शेवटी शेवटी मीही गाईडच वाचून दाखवायचो, कारण घसा आणि उमेद दोन्ही बसले होते. कान देऊन ऐकणारा एकच, दाराबाहेर स्टुलावर बसलेला बळीराम. तास संपला की विचारायचा, "सर, तो अमेरिकावाला आज काय म्हने?" कवीचं नाव त्याला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मग मी त्याच कवीच्या आणखी कविता शोधून एकेक ओळ मराठीत करून द्यायचो आणि तो ती वहीत उतरवायचा.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. गाव एकच, आर्णीपासून सात किलोमीटरवर. बळीरामनं स्टँडवरचा फळा हाती घेतला आणि वहीतल्या ओळी रोज त्यावर लिहू लागला. त्या फळ्याचा एक नेम आहे. रोजचा विचार रंगीत खडूनं लिहायचा. गावात कोणी वारलं की तो पुसायचा आणि फक्त निधनाची बातमी लिहायची, तीही पांढऱ्या खडूनं. त्यामुळे आमच्याकडे कोणी फळा वाचत नाही, गाडीवरून नुसता रंग बघतात. अमेरिकेतला कवी गावानं पाच वर्षं असाच बघितला.

घरी बळीरामची बायको कौसल्या अंथरुणावर होती. तीन वर्षांपूर्वी लकव्यानं तिची डावी बाजू गेली. अंघोळ, जेवण, कूस बदलणं, सगळं बळीराम करायचा. तो थकला होता, पण तसं म्हणायलाही त्याला सवड नव्हती. फळ्याची वीस मिनिटं तेवढी त्याची स्वतःची. आणि कौसल्याचं मागणं एकच होतं, लेकीला डोळ्यांनी बघायचं. पायल पुण्यात एका कंपनीत कामाला. अडीच वर्षं आली नव्हती. रजा मिळत नाही, मुलाची शाळा आहे, नवऱ्याची कामाची पाळी बदलली आहे. कारणं खरी होती, म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही.

गेल्या फेब्रुवारीत कौसल्याला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बळीराम डोळे चोळत फळ्याशी गेला. डब्यातले रंगीत खडू संपलेले. हाताला पांढरा लागला, त्यानं पांढऱ्यानंच लिहिलं: "कायमचं निघालेलं माणूस मागे दार ओढून घेत नाही." खाली रोजच्यासारखं स्वतःचं नाव टाकलं, घरी आला आणि भिंतीला टेकून झोपी गेला.

ती ओळ मीच दिलेली. आता अक्षरं पांढरी, कोणीतरी कायमचं निघालेलं आणि खाली बळीरामचं नाव. तापातली कौसल्या गेली, याशिवाय गावानं आणखी काय समजायचं? शेजारच्या सुनीलनं फळ्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि पायलला फोनही करून टाकला. मला तरी अक्कल असावी की नाही? मीही पांढरा सदरा घालून निघालो. आठ वाजता अंगणात चाळीस माणसं आणि बुद्धविहारातल्या पांढऱ्या साड्यांतल्या बाया. सगळ्यांत पुढे सुनीलची बायको अंजू रडतच आत शिरली. कौसल्या उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता.

"कोन गेलं वं?" तिनं विचारलं.

सुनीलनं मान खाली घालून सगळं सांगितलं. तोवर गलक्यानं बळीरामही उठला होता. मला वाटलं, आता कौसल्या सगळ्यांना फैलावर घेणार.

"पायलले सांगतलं काय?" ती म्हणाली.

"हो काकू. चुकलं माहं. आताच फोन करतो."

"नोको करू." तिनं चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं. "निंगाली असन त येऊ दे तिले."

हे बरोबर नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मास्तर मी. नाही म्हणालो. बळीरामचा फोन सात वेळा वाजला आणि त्यानं तो मांडीखाली धरून ठेवला. मग मेसेज आला: "मी येतपर्यंत आईले नेऊ नका." कौसल्यानं तो मला तीनदा वाचायला लावला. मग अंजूकडून वेणी घालून घेतली आणि ठेवणीतली हिरवी साडी नेसवून घेतली.

पायल दुसऱ्या दिवशी उजाडता आली. पांढरा ड्रेस, सुजलेले डोळे. दारातच थांबली. आईला बसलेली बघून आधी तिच्या गळ्यात पडून रडली आणि मग उसळली.

"जालन्याच्या स्टँडवर परक्या बाईच्या खांद्यावर रडली मी, बाबा! फोन काहून नाही उचलला?"

ती माझ्याकडे वळली. मी चपला बघत होतो.

"हापिसात सांगून आली, आई गेली म्हणून. लई हातापाया पडून चार दिवस भेटले. आता कोन्त्या तोंडानं सांगू, का आई जित्ती हाय? अन् पुढं..." पुढचं तिनं गिळलं.

ती दोन दिवस राहिली. आईचं डोकं धुतलं, नखं काढली, दुधात भाकर कुस्करून भरवली. दोघी दिवसभर बोलायच्या. बळीराम पडवीत गाढ झोपायचा, तीन वर्षांत पहिल्यांदाच. कौसल्याला इतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं आणि खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला त्या खोट्याची लाज वाटली नाही. लाज वाटली ती पायल निघाली तेव्हा. ऑटोत बसताना ती मागे वळली नाही.

आम्ही आत आलो. कौसल्या आढ्याकडे बघत होती.

"ऐकता का," ती नवऱ्याला म्हणाली, "मी खरीच गेली, त पायलले फोन नोका करू."

"असं काहून बोल्तं?"

"लेकराची रजा संपली माह्या मरनाची."