नांदूरघाटचा शिवणकोयता

सोलापूरहून निघताना मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं, परत येताना रेखा माझ्याबरोबर असेल. माझ्या गणवेशांच्या कारखान्यातली ती सगळ्यांत सफाईदार कारागीर. दिवाळीला गावी, नांदूरघाटला गेली ती फिरकलीच नाही; तिथल्याच कुणा मंदाताईंच्या शेडवर शिवते, असं कळलं होतं. शाळांचे शर्ट जूनच्या आत द्यायचे होते आणि तिच्यासारखी कॉलर करणारी दुसरी कोणी मिळेना.

केजला एसटीतून उतरून नांदूरघाटच्या जीपमध्ये अंग चोरून बसले. दोन्हीकडे वाळलेल्या पऱ्हाट्या (कापसाची झाडं), पलीकडं बोडके डोंगर. शेजारच्या आजोबांनी कुणाकडं निघालात म्हणून विचारलं. मंदाताईंच्या शिवणाच्या शेडवर, म्हटल्यावर ते खुललेच.

"लई झ्याक काम हाय बगा. माजी सून यंदा तोडीला (ऊसतोडीला) गेलीच न्हाई."

ते कौतुक मला तिथपासूनच टोचायला लागलं.

शेड साधी पत्र्याची. माझी इमारत पक्की, मशिनं नवी, भिंतीवर नियमांचा फलक. पण हसण्याचा आवाज इथं रस्त्यापर्यंत येत होता. मशिनं एकामागं एक नव्हती, दोन-दोन समोरासमोर होती. अशा जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात; ऊसतोडीतल्या नवरा-बायकोच्या जोडीचं हे नाव. दोघी मिळून अख्खा शर्ट शिवायच्या आणि कॉलरच्या आत आपापल्या रंगाचा एकेक टाका घालायच्या.

"ही अक्कल कुणाची?" मी मंदाताईंना विचारलं.

"कुणाची न्हाई. फडात आमी असंच काम करायचो. एक दमलं की दुसरं वढून नेतंय."

एक तरी शिवण वाकडी निघावी म्हणून मी शर्टांमागून शर्ट उलटे करून पाहिले. निघाली नाही. नुसता जळफळाट झाला.

दुपारी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या पिठाची) होती. इतकी चविष्ट, की त्याचाही राग आला. रेखा आणि तिची जोडीदारीण शोभा एकाच ताटात जेवत होत्या. पगार वाढवते, चल, असं मी तिथंच म्हणाले.

"पगाराचं न्हाई ताई," रेखा म्हणाली. "तुमच्याकडं म्या नुसत्या कॉलरीच केल्या. पुरा शर्ट कवा बगितलाच न्हाई. आन् मी आले तर शोभीचा कोयता मोडंल."

 शोभानं आपल्यातली अर्धी भाकरी रेखापुढं सरकवली. ती खवट बोलली असती तर बरं झालं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

एकटीच परतले. वाटेत केजच्या स्टँडवर चहा घेतला, तोही गोड लागेना. मंदाताईंकडं माझ्यापेक्षा जास्त काय होतं, ते मला दिसलं होतं, आणि त्याचाच त्रास होता.

दुसऱ्या दिवशी मी मशिनं समोरासमोर करायला लावली. बायकांनी हसत हसत जोड्या निवडल्या. दुपारपर्यंत कारखान्यात गलका झाला आणि तयार शर्टांचा ढीगही रोजच्यापेक्षा उंच दिसला.

"बाई, ही अक्कल कुणाची हो?" एकीनं विचारलं.

"माझी," मी म्हणाले.

रेखाच्या रिकाम्या मशिनावर मात्र मी कुणालाच बसू दिलं नाही.