पंढरीने बांधलेली भिंत

ठाण्याच्या एका रेशीम गिरणीतले वीव्हिंग मास्तर विश्रामराव गुप्ते छपन्न साली जपानला निघाले, तेव्हा टेंभी नाक्यावरची निम्मी आळी त्यांना पोचवायला गोदीपर्यंत आली होती. नवे माग शिकून यायला गिरणीने दोघांना धाडलं होतं. दुसरा पंढरी. कल्याणच्या खाडीकडचा फिटर, मिठागरात राबणाऱ्या घरातला, चौथी शिकलेला. "त्याला इंग्रजी येत नाही, तिथे करणार काय?" असं विश्रामरावांनी मॅनेजरला दोनदा सुचवून पाहिलं होतं.

झालं भलतंच. कानाझावाच्या कारखान्यात विश्रामराव इंग्रजीत प्रश्न विचारत आणि समोरचे जपानी नुसते वाकून हसत. पंढरी बाह्या सारून सरळ मागाखाली शिरायचा आणि हातांनीच बोलायचा. महिन्याभरात सगळे त्याला प्रेमाने 'पंदारी-सान' म्हणू लागले. विश्रामराव 'मिस्टर'च राहिले. रात्री जेवताना पंढरीला कुणी जास्तीचा मासा वाढला तरी ते जेवण अर्धवट टाकून उठायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी, कारखान्याने त्या दिवसापुरत्या दिलेल्या दुभाष्याने दोघांना सामुराईंची जुनी वस्ती दाखवायला नेलं. सामुराई म्हणजे तिथल्या सरदारांच्या पदरचे लढवय्ये. त्यांचे अरुंद बोळ, कडेने वाहणारा पाट, मातीच्या उंच पिवळसर भिंती, सगळं अजून राखलेलं होतं. विश्रामराव टाय बांधून आले होते. वही काढून ते सनावळ्या टिपू लागले. एक म्हातारा आपल्या घराच्या भिंतीवर पेंढ्याच्या चटया बांधत होता.

"बर्फाने माती फुटते, म्हणून—" दुभाषी सांगू लागला.

पंढरी ऐकायला थांबलाच नाही. "आमी पन पावसाल्यान भितींना माडाचे झाप बांधताव!" म्हणत त्याने चटईचं दुसरं टोक धरलं आणि दोराला अशी गाठ मारली की म्हातारा काम सोडून ती निरखत बसला. मग तासभर दोघे बांधत राहिले, एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नसताना.

भिंत झाकून झाली तशी म्हाताऱ्याने पंढरीला हाताला धरून दारात नेलं. दुभाषी हळूच म्हणाला, "हे सहसा कुणाला आत घेत नाहीत. यांचे आजोबा स्वतः सामुराई होते."

म्हातारा वळून विश्रामरावांनाही बोलावत होता. पण पंढरीच्या मागून, पंढरीबरोबरचा माणूस म्हणून आत जायचं?

"तुम्ही व्हा पुढे. मला टिपण पुरं करायचंय," ते म्हणाले.

अर्धा तास ते बोळात उभे राहिले. पाय गारठले. आतून हसण्याचे आवाज येत होते. वहीत एक अक्षर उमटलं नाही.

ठाण्याला परतल्यावर वाचनालयात त्यांचं भाषण ठेवलं. सभागृह भरलेलं. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्या सामुराईच्या नातवाने मला हाताला धरून घरात नेलं." टाळ्या पडल्या. आणि मग मागच्या बाकावर बसलेला पंढरी त्यांना दिसला.

"आत काय पाहिलंत?" कुणीतरी विचारलं.

विश्रामरावांचे कान तापले. तेवढ्यात पंढरीच उठला. "मास्तर, ती बाग सांगा ना, खोलीला लागूनच व्हती ती. नि आजोबाचा चिलखत. नि म्हातारीने घुसळून दिलेला तो हिरवा कडू चहा!" त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टेचा लवलेश नव्हता. विश्रामरावांनी बाग सांगितली, चिलखत सांगितलं, चहा सांगितला. पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांपेक्षा पंढरीने चारचौघांत थोबाडीत दिली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

घरी जाताना बायको वासंती म्हणाली, "पंढरीला हो कसं सगळं ठाऊक?"

"आत तोच गेला होता. मी बोळात उभा होतो."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

विश्रामराव झपझप पुढे चालू लागले.

पुढे पंढरी हेड फिटर झाला. त्या बढतीच्या कागदावर विश्रामरावांचीच शिफारस होती, कारण त्याच्या तोडीचा दुसरा कुणी नव्हता. पण ती बाग नेमकी कशी होती, हे त्याला विचारायला त्यांची जीभ कधी वळली नाही.