मधल्या सुट्टीतलं पान

मुलगी दुसरीत असताना तिच्या डब्यानं मला जेरीस आणलं होतं. चपातीचा रोल दिला तर दोन घास, इडली दिली तर अर्धी, आणि भाजीचं नाव काढायची सोय नव्हती. मी पहाटे उठून राबायचे आणि दुपारी डबा जसाच्या तसा घरी यायचा. मग मी तो सिंकमध्ये आपटायचे. माझा राग मुळात वाईट आहे, त्यात उपाशी पोर बघितलं की तो दुप्पट होतो.

म्हणून डबा एक दिवस रिकामा आला तेव्हा मी हरखून गेले. सासरे जाऊन महिना झाला होता. आदल्या संध्याकाळी ती स्वतःहून म्हणाली होती, "आई, उद्या भात आणि कुळथाची पिठी दे." पिठीकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण मागते आहे ना, मग कशाला विचारा, म्हणून मी दिली. डबा नुसता रिकामा नव्हता, विसळलेला होता.

मग रोजच फर्माईश सुरू झाली. काळ्या वाटाण्याची उसळ. नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी. उकड्या तांदळाचा भात, वर भाजलेला पापड. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले की पोरगी सुधारली. एका रात्री नवरा पानावर बसता बसता हसून म्हणाला, "ही तर बाबांची यादी आहे." मुलगी समोर बसून भाताची शितं चिवडत होती.

सासरे गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून निवृत्त झालेले, मालवणकडचे, आमच्याबरोबर विक्रोळीतच राहायचे. ही सगळी त्यांचीच जेवणं. नातीला त्यांनी आग्रह केला की ती नाक मुरडायची, आणि ते तिचा वाटा स्वतःच्या ताटात ओढून घेत म्हणायचे, "रवांदे, माका जास्ती."

पंधरा-वीस दिवसांनी शाळेचा स्कर्ट तिच्या कमरेवरून घसरायला लागला. मी सेफ्टी पिन लावली. पुढच्या आठवड्यात ती पिन आणखी आत घ्यावी लागली. डॉक्टरांनी वजन केलं, आधीचा कागद पाहिला, पुन्हा वजन केलं. "खाते ना नीट?" मी म्हटलं, डबा चाटूनपुसून संपवते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. रात्री आंघोळ घालताना तिच्या पाठीचे मणके हाताला लागायचे. पोरगी माझ्या डोळ्यांदेखत संपत चालली होती, आणि डबा रोज रिकामा येत होता.

शेवटी रजा टाकून मी मधल्या सुट्टीत शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "ती वर्गात बसत नाही. गॅलरीच्या टोकाला जाते. आम्हाला वाटलं, मैत्रिणीबरोबर खाते."

खाली मैदानात पोरांचा कल्लोळ चालला होता. कावळ्यांचाही. ते पोरांच्या हातातले वेफर्स पळवत होते, एकानं तर कुणाचं सँडविचच उचललं. गॅलरीच्या टोकाला मात्र शांत होतं. माझी मुलगी पाठमोरी उभी होती. तिनं डब्याचं झाकण कठड्यावर ठेवलं, त्यावर भाकरी, उसळ, चटणी नीट मांडली, बाटलीतलं पाणी बोटांनी भोवती फिरवलं आणि हात जोडले. मग चार पावलं मागे येऊन ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

झाकणापासून दोन हातांवर तीन कावळे बसले होते. ते भाकरीकडे बघत नव्हते. ते मुलीकडे बघत होते. पूर्ण सुट्टीभर एकानंही चोच पुढे केली नाही. घंटा झाली, तेव्हा तिनं सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नळाखाली डबा विसळला. मग मागे वळून मला पाहिलं. ती दचकली नाही.

"काय करतेस गं हे?"

"आजोबांचं पान ठेवते."

"अगं, दहाव्याला शिवला ना कावळा?"

"तो गवताचा होता."

खरं होतं. दहाव्याला तलावाकाठी आम्ही दोन तास उन्हात उभे होतो. पिंडाला कावळा शिवेना. नवऱ्यानं हात जोडून सांगितलं, गावी आईला सांभाळू, तिथलं घर सांभाळू. तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही मोकळे झालो. मुलीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिला नेलं होतं. तिनं भूक लागली म्हणून हात ओढला, तेव्हा मी खेकसले होते, "कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नसतं."

"म्हणून तू जेवत नाहीस?"

"थोडं खाते ना रात्री. तू ओरडतेस म्हणून." मग हळूच म्हणाली, "सगळं देऊन बघितलं. त्यांना हे नकोच आहे. त्यांना जे हवंय ते शाळेत चालत नाही."

शाळेचा नियम होता, डब्यात अंडं, मासे, मटण आणायचं नाही. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं. मी तिचा हात धरला आणि तिला घरी घेऊन आले.

माळ्यावर सुक्या बांगड्यांचा डबा होता. जायच्या दोन दिवस आधी सासऱ्यांनी विचारलं होतं, "सुको बांगडो सरलो काय गो?" मी म्हटलं, संपला, बाबा. मुलगी तिथंच अभ्यास करत होती.

मी बांगडा गॅसवर भाजला. घरभर वास कोंदला. केळीच्या पानावर भात आणि बांगडा वाढून मी पान खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलं. भर दुपार होती. समोरच्या टाकीवर कावळे येऊन बसले, एकामागून एक, आवाज न करता. एकही जवळ येईना.

"तू सांग त्यांना," मुलगी म्हणाली.

मी खिडकीकडे बघून म्हटलं, "बाबा, बांगडा होता. मी खोटं बोलले. तुमचे डॉक्टर खारट नको म्हणाले म्हणून नाही. ते नुसतं कमी करा म्हणाले होते. बिल्डिंगच्या ग्रुपवर वासाची तक्रार आली होती. मला लाज वाटली." बोलता बोलता मला रडू फुटलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कावळे तसेच बसून होते.

"आता जेवू मी?" मुलीनं विचारलं.

कावळा शिवला नव्हता. लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं मला नको म्हणत होतं. मी म्हटलं, "जेव."

मला वाटलं, ती ओट्यावर तिच्यासाठी वाढलेल्या ताटाकडे जाईल. ती खिडकीशी गेली, पान खाली घेतलं, मांडी घातली आणि बांगडा मोडला. जन्मात तिनं मासा तोंडाला लावला नव्हता. पितरांचं पान, त्याला आधी माणसाचा हात लागता कामा नये, म्हणून मी तिला अडवायला धावले, आणि मध्येच थांबले. ती अगदी बाबांसारखे काटे काढून एका कडेला ठेवत होती, भात कालवत होती, मोठे मोठे घास घेत होती. टाकीवरचा एकही कावळा हलला नाही. पान संपलं तेव्हा तिनं मान वर न करता हात पुढे केला.

कोण मागतंय, हे मी विचारलं नाही. पातेलं घेऊन तिच्यासमोर बसले आणि आणखी भात वाढला.