कॅलेंडरने कापलेली बाई

जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला एका इंजिनीअर जोडप्याच्या घरी दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग भरायचा. मी तेव्हा स्टुटगार्टला पीएचडी करत होते. त्या सहा मुलांना जुन्या चित्रांबद्दल सोप्या मराठीत लिहून द्यायचं, असं मीच ठरवलं होतं.

बाबा कामगार युनियनचे. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, त्यामुळे मला लिहिणं म्हणजे जाब विचारणंच माहीत. एका जुन्या कॅलेंडरवर स्वयंपाकघराचं चित्र होतं, मधोमध चांदीचं ताट. मी लिहिलं : 'हे ताट कुणी घासलं? चित्रकाराने ते हात का लपवले? विचारा त्याला.'

त्या घरातल्याच नऊ वर्षांच्या मुलीने अक्षरांखाली बोट फिरवत ते वाचलं. "मावशी," म्हणाली, आणि पुढचं जर्मनमध्ये, "तू आमच्यावर रागावलीस का?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तिची आई आतून म्हणाली. "हिला चित्रातसुद्धा मालक दिसतो. बघ गं, मुलं अशीच घाबरली तर पुढच्या रविवारनंतर या तीनच्या तासाला गणित घेऊ."

"मग काय लिहू? ताट किती छान?"

"लिही की. छान नाहीये?"

मला राग आला. खरं तर ताटाकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. ते चित्र स्टुटगार्टच्याच संग्रहालयात होतं, म्हणून बुधवारी गेले. मूळ चित्र कॅलेंडरपेक्षा रुंद निघालं. डाव्या कोपऱ्यात एक बाई भांडी घासत उभी होती, बाही कोपरापर्यंत भिजलेली. ते ओलं कापड चित्रकाराने चांदीपेक्षाही जीव लावून रंगवलं होतं. बाईला कापलं होतं कॅलेंडरवाल्याने, आणि आरोप मी केला होता चित्रकारावर.

रविवारी मी मुलांना आधी सांगितलं, "मागचं पत्रक चुकलं. मी न बघता लिहिलं." मग अख्ख्या चित्राची रंगीत प्रत आणि नवा कागद दिला. त्यावर एवढंच होतं : 'ताट खूप सुंदर आहे. चित्रात एक ओली बाही आहे. शोधा.'

सहा डोकी एका कागदावर आदळली. बाही त्याच मुलीला सापडली. बराच वेळ ती बघत राहिली आणि मग जर्मनमध्येच म्हणाली, "हिला थंडी वाजत असेल. पण मग ताटात जेवणार कोण?"

हा प्रश्न मी कागदावर लिहिला नव्हता. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती.

"गणित चार वाजता ठेवू," ती म्हणाली. "तुझं तीनला आहे तसंच राहू दे."